झिजलेला मिलिमीटर गेला कुठे?

खंबाटकीचा घाट चढताना पुढे मालानं भरलेला ट्रक असला आणि आपल्या गाडीची काच खाली असली, की एखाद्या वळणावर हमखास एक वास येतो. जळका, उग्र, नाकात बसणारा. गाडीत कुणी अनुभवी काका असतील तर ते खिडकीबाहेर बघत निवाडा देतात, "कुणाचा तरी क्लच गेला." मग काच वर होते, एसी लागतो आणि विषय संपतो.

मला तो विषय संपू द्यायचा नाहीये. क्लच जळतो म्हणजे नेमकं काय जळतं? लोखंड तर जळत नाही. जळतं ते लोखंडावर चढवलेलं एक अस्तर. ते अस्तर कशाचं करायचं, या एका प्रश्नाला मोटारीच्या जगानं गेल्या सव्वाशे वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली. चामडं, सूत, अ‍ॅस्बेस्टॉस, आणि आता काचेचे धागे व राळ. प्रत्येक उत्तरानं गाडी चालवणाऱ्याचा त्रास कमी झाला. पण अस्तर तर दर वेळी झिजलंच. ती झीज कुणाच्या वाट्याला आली, हा इतिहास शोरूममध्ये सांगत नाहीत.

मध्ये कुणीतरी घसरायला हवं

पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला एक जन्मजात खोड आहे. त्याला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. मिनिटाला सात-आठशे फेरे मारत असेल तरच ते जिवंत राहतं. चाकं मात्र सिग्नलला थांबलेली असतात. फिरतं इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडलं, तर गाडी उडी मारते किंवा इंजिन बंद पडतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळ्यांनीच हे दोन्ही करून पाहिलेलं असतं.

म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती. तिच्यासमोर प्रेशर प्लेट, जी स्प्रिंगच्या जोरानं दाबून बसलेली. या दोघींच्या मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखी क्लच प्लेट, जिच्या दोन्ही अंगांना ते अस्तर रिव्हेट मारून बसवलेलं असतं. पेडल दाबलं की स्प्रिंगचा जोर सुटतो आणि मधली प्लेट मोकळी होते. पेडल हळूहळू सोडलं की ती आधी घसरते, मग थोडी धरते, आणि दोन्ही बाजूंचा वेग सारखा झाला की घट्ट बसते. त्या घसरण्याच्या एक-दोन सेकंदांत जी ओढाताण होते, ती सगळी अस्तर सोसतं. गाडीच्या बहुतेक भागांच्या बाबतीत, ते झिजू नयेत म्हणून काळजी घेतात. क्लचचं अस्तर मात्र झिजण्यासाठीच बसवलेलं असतं.

आता आकडा ऐका. नव्या प्लेटवर रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पृष्ठभागापासून साधारण एक-सव्वा मिलिमीटर आत असतं. अस्तर झिजत जातं तसं ते डोकं वर येऊ लागतं. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आलं, की प्लेट बदलायची. नाही बदलली तर काही दिवसांनी रिव्हेट फ्लायव्हीलला ओरखडे काढतो आणि खर्च दुप्पट होतो. म्हणजे तुमचे रोजचे सिग्नल, पार्किंगमधली पुढे-मागे, गणपतीतली गर्दी, चढावरचा हाफ क्लच, हे सगळं जेमतेम एका मिलिमीटरच्या हिशोबात बसवलेलं असतं.

माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी कोडिंगची. पुण्यात असे आम्ही पोत्यानं सापडतो. कॉलेजात क्लचचं गणित दोन पद्धतींनी शिकवतात. प्लेट नवी असेल तर सगळीकडे दाब सारखा धरायचा, आणि वापरलेली असेल तर सगळीकडे झीज सारखी धरायची. डिझाइन करताना दुसरी पद्धत वापरा, ती जास्त सुरक्षित, असं पुस्तकात असतं. मी ती गणितं सोडवली, मार्क घेतले. झीज हा तिथं समीकरणातला एक मुद्दा होता. झिजून सुटलेली धूळ कुठे जाते, हे विचारणारा प्रश्न पेपरात कधीच नव्हता.

गिरणीतला पट्टा

मोटार यायच्या आधीही क्लच होता, फक्त त्याला कुणी क्लच म्हणत नव्हतं. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबाग भागात गिरण्यांची चिमण्यांची रांग उभी राहिली. त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. एकच मोठं वाफेचं इंजिन, छताखालून जाणारा लांबलचक फिरता दांडा आणि त्या दांड्यावरून खाली प्रत्येक यंत्राकडे येणारा पट्टा, अशी सगळी रचना.

आता एकच यंत्र थांबवायचं असेल तर काय करायचं? अख्खं इंजिन थांबवणं परवडणारं नव्हतं. म्हणून यंत्रावर शेजारी-शेजारी दोन पुली असत. एक दांड्याला पक्की बसवलेली, दुसरी मोकळी, नुसती गरगरणारी. पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळीवर सरकवला की यंत्र थांबायचं, उलटा सरकवला की पुन्हा सुरू व्हायचं. सुरू होताना पट्टा आधी घसरायचा आणि मग धरायचा, अगदी आपल्या क्लचसारखा.

उघड्या, धावत्या पट्ट्यांच्या जंगलात माणसं आणि मुलं काम करत होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. यंत्र जोडण्या-तोडण्याच्या जागी कामगाराचं शरीर धोक्यात असतं, हे सरकारदरबारी तेव्हाच लिहिलं गेलं होतं.

कार्ल बेंझनं १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत हीच गिरणीची युक्ती होती. पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवला की गाडी निघायची. म्हणजे पहिल्या मोटारीत क्लच म्हणून जे बसलं, ते कारखान्यातून उचललेलं होतं.

मोची आणि मुलतानी माती

ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ही गाडी मानहाइमहून फॉर्त्सहाइमला घेऊन गेली. सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिनं बाउश्लॉट या गावात एका मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या इतिहासात ब्रेकच्या अस्तराची सुरुवात इथून सांगतात. इंजिनियरच्या बायकोला जे सुचलं ते बसवलं मात्र मोच्यानं, आणि त्याचं नाव कुणाच्या ओठावर नाही.

क्लचचंही तसंच झालं. पट्ट्याची युक्ती वाढत्या ताकदीच्या इंजिनांना पुरेना, म्हणून शंकूच्या आकाराचा क्लच आला. फ्लायव्हीलच्या पोटात खोलगट खाच आणि त्या खाचेत जाऊन बसणारा शंकू. शंकूवर चामड्याचं अस्तर. पहिल्या महायुद्धापर्यंत असे क्लच सर्रास होते. तेव्हाच्या गाडीमागे आज कुणी उभा राहिला असता, तर जळक्या क्लचचा वास त्याला खरोखर जळक्या चामड्याचाच आला असता.

चामडं हे लहरी प्रकरण. ते सुकून कडक झालं की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी बैलानं शेपूट पिरगाळल्यासारखी उधळायची. मग ड्रायव्हर त्याला एरंडेल नाहीतर जनावराच्या खुरांपासून काढलेलं तेल पाजायचे. तेल जास्त झालं की क्लच घसरायला लागायचा. तेव्हा तेल शोषून घ्यायला त्यावर मुलतानी माती भुरभुरायची! एरंडेल आणि मुलतानी माती, म्हणजे आजीच्या कपाटातल्या दोन डब्या घेऊन लोक मोटार चालवत होते. चामडं पार गेलं की नवं कापून, भिजवून, ताणून बसवायचं. जीन-खोगीर शिवणाऱ्या कारागिराला जमेल असंच ते काम होतं.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या असं सांगितलं जातं. त्या काळात मोटार बाळगणं म्हणजे ड्रायव्हर बाळगणं होतं, आणि ड्रायव्हर म्हणजे निम्मा मिस्त्री. चामड्याच्या क्लचचा सगळा जाच मालकाच्या नव्हे, त्याच्या वाट्याला यायचा. पण एक गोष्ट चामड्याच्या बाजूनं सांगायला हवी. त्याची धूळ अंगावर उडाली तर कपडे मळत, शिंका येत. त्यापलीकडे फार काही होत नसे.

फ्रूडचा जुना बूट

१८९० च्या दशकात इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ घोडागाड्यांकडे बघत होता. डोंगराळ उतारांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकतात, हे त्याच्या लक्षात आलं. बर्था बेंझच्या मोच्याची युक्ती इथल्या गाडीवानांना आधीच ठाऊक होती. फ्रूडनं त्यावर प्रयोग सुरू केले. कापडाचे थर, त्यात चिकट द्रव्य मुरवायचं, दाबायचं, घासून बघायचं. १८९७ साली त्यानं धंदा सुरू केला. कंपनीचं नाव ठेवताना त्यानं आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट केली आणि पत्नी एलिझाबेथच्या नावातलं पहिलं अक्षर त्यात मिसळलं. फेरोडो. आजही स्पेअर पार्टच्या दुकानात हे नाव दिसतं.

सूत आणि चिकट द्रव्य यांचं अस्तर चामड्यापेक्षा चांगलं होतं, पण जास्त तापलं की जळायचं. १९०८ साली फेरोडोनं त्याचं उत्तर बाजारात आणलं. अ‍ॅस्बेस्टॉस. खाणीतून निघणारा दगड, पण कापसासारखा पिंजता येतो, सुतासारखा विणता येतो आणि आगीत टाकला तरी पेटत नाही. घर्षणाचं अस्तर करणाऱ्याला आणखी काय हवं?

त्याच १९०८ साली अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली. तिच्या गिअरबॉक्सला तीन पेडल होते आणि आत सुती अस्तराचे पट्टे. ते पट्टे वरचेवर झिजायचे आणि शेतकरी मालक घरच्या घरी, वरचं झाकण काढून ते बदलायचे. १९२७ पर्यंत या गाड्या दीड कोटीच्या वर बनल्या. मोटार श्रीमंतांच्या अंगणातून सामान्यांच्या गोठ्याशेजारी गेली. एवढ्या गाड्या म्हणजे तेवढी अस्तरं. पुढच्या दशकात शंकू मागे पडला, आजच्यासारखी एका सपाट प्लेटची कोरडी रचना रूढ झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅस्बेस्टॉस बसला. आता तेल पाजणं नाही, माती भुरभुरणं नाही. हजारो किलोमीटर विसरून जा. चालवणाऱ्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

नेली

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथल्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केरशॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली ती गेली, तेव्हा तिचं वय ३३ होतं. फुफ्फुसं निकामी झाली होती. आजारी असताना तिनं कंपनीकडे मदत मागितली होती. कंपनीनं जबाबदारी नाकारली. असा काही व्यवसायजन्य आजार कायद्याच्या यादीतच नव्हता. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसांचा अभ्यास करून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, आणि तीन वर्षांनी त्या आजाराला नाव मिळालं, अ‍ॅस्बेस्टॉसिस. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात, तिथे रुततात आणि बाहेर पडत नाहीत. फुफ्फुस त्यांच्याभोवती व्रण धरत जातं. पुढे कर्करोगही होऊ शकतो. हे सगळं व्हायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागू शकतात.

तो उशीरच कंपन्यांच्या पथ्यावर पडला. झीज आज झाली तर माणूस आज ओरडतो. चाळीस वर्षांनी झाली तर तो निवृत्त झालेला असतो, गावी गेलेला असतो, आणि खोकल्याला बिडी कारणीभूत ठरवणं सोपं जातं.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर फेरोडो ही टर्नर अँड न्यूअल या अ‍ॅस्बेस्टॉस समूहात गेली. टर्नर ब्रदर्स त्याच समूहातली. म्हणजे नेलीच्या मालकाचा आणि क्लचच्या अस्तराचा धंदा एकाच छताखाली आला. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या चौकशी अहवालानं कामगारांमधला आजार मान्य केला, १९३१ साली धूळ आवरण्याचे नियम झाले. ते कारखान्यांसाठी होते. अस्तर गाडीत बसल्यावर जी धूळ होते, आणि ती ज्या गॅरेजमध्ये बाहेर येते, ती गॅरेजं त्या नियमांत नव्हती.

इथं क्लच आणि ब्रेक यांतला एक फरक महत्त्वाचा आहे. ब्रेकची बरीचशी धूळ रस्त्यावर उडून जाते. क्लच मात्र गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेच्या आकाराच्या कवचात बंद असतो. तिथं झिजलेली धूळ बरीचशी तिथंच साठते, वर्षानुवर्षं. ज्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला जातो, त्या दिवशी ती एकदम बाहेर येते. गाडीखाली त्या वेळी मालक नसतो.

घर्षणाच्या उष्णतेनं अ‍ॅस्बेस्टॉसचा मोठा भाग दुसऱ्या, निरुपद्रवी खनिजात बदलतो, असा बचाव उद्योगानं अनेक वर्षं केला. ते अर्धं खरं आहे. पण सगळा बदलत नाही. शिवाय नवं अस्तर बसवताना त्याला भोकं पाडणं, कडा घासणं, रिव्हेट ठोकणं या कामांत तर न तापलेला, कोरा अ‍ॅस्बेस्टॉसच उडतो.

कुर्ल्यापासून घाटकोपरपर्यंत

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे फियाट, आणि तिचंच पुढचं नाव पद्मिनी. कुर्ल्याच्या पुढे विद्याविहार आणि त्यापुढे घाटकोपर. तिथं हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे ब्रेक लायनिंग, क्लचच्या चकत्या. डर्बीशरमधल्या जुन्या बुटाची वंशावळ लोकल ट्रेनच्या दोन स्टेशनांच्या अंतरावर येऊन पोहोचली होती.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी म्हणजे क्लचची कसोटी. दादरपासून फोर्टपर्यंत पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटली, तेव्हा आपण सगळ्यांनी मीटरचे, गादीच्या नक्षीदार कव्हरचे फोटो टाकले. मीही टाकला. त्या गाड्यांनी किती क्लच प्लेटा खाल्ल्या असतील आणि त्या कुणी उघडल्या असतील, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

२००५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी दर पाचामागे एकाला तरी अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचं तिच्यात होतं. त्याच्या दहा वर्षं आधी, जानेवारी १९९५ मध्ये, सुप्रीम कोर्टानं अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात मोठा निकाल दिला होता. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टानं सांगितलं. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपा, असा आदेशही दिला.

चाळीस वर्षं, कारण आजार तेवढा काळ लपून राहतो. कोर्टाला झीज समजली होती. पण नोंद ठेवायला आधी हजेरीपट असावा लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बाराव्या वर्षी कामाला लागलेल्या पोऱ्याचं नाव कुठल्या पटावर होतं?

ओलं फडकं

गेल्या वर्षी माझ्या जुन्या हॅचबॅकचा क्लच बदलायची वेळ आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर जायचा आणि वेग तिथंच राहायचा. सिंहगड रोडवरच्या ज्या गॅरेजमध्ये मी गाडी नेतो, तिथले मिस्त्री साठीचे आहेत. मी शनिवारी दिवसभर तिथंच स्टूल टाकून बसलो. पुस्तकातली आकृती प्रत्यक्षात कशी उघडते ते बघायचं होतं.

बॅटरी सोडवली, एअर फिल्टरचा डबा काढला, गिअरच्या केबली सोडवल्या, गिअर ऑइल काढलं, दोन्ही अ‍ॅक्सल बाहेर ओढले. इंजिनाला खालून आधार दिला. मग कवचाचे बोल्ट सोडवून दोघांनी मिळून गिअरबॉक्स हलवत-हलवत खाली घेतला. आत तपकिरी-काळी धूळ साचलेली होती, चहाच्या चोथ्यासारखी. हाताखालच्या मुलानं सवयीनं हवेचा पाइप उचलला.

"हवा नको मारू. फडकं ओलं कर आधी," मिस्त्री म्हणाले.

मी विचारलं, "काका, का? हवेनं पटकन साफ होईल ना?"

"होईल की. पटकनच होतं." ते थांबले. "आम्ही तोंडानं फुंकायचो. प्लेट तेव्हा बदलायची पद्धत नव्हती, लायनिंग बदलायचं. जुने रिव्हेट ड्रिलनं उडवायचे, नवं लायनिंग ठोकायचं, कडा कानशीनं घासायच्या. पांढरी भुकटी उडायची. आमचे उस्ताद शेवटी जिना चढायला तीनदा बसायचे. सगळे म्हणायचे, दमा आहे."

तो दमाच होता की आणखी काही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कुणी फोटो काढला नाही, कुणी नोंद ठेवली नाही.

मुलानं ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि फडकं पिशवीत टाकलं. प्रेशर प्लेटचे बोल्ट मिस्त्रींनी समोरासमोरचे, थोडे-थोडे करून सोडवले, नाहीतर प्लेट वाकते. जुनी क्लच प्लेट माझ्या हातात दिली. नख फिरवलं तर रिव्हेटचं डोकं जवळजवळ पृष्ठभागाला लागत होतं. मग नवी प्लेट. ती नेमकी मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरतच नाही. त्यासाठी तिच्यातून एक जुना दांडा घालून मध्य धरतात आणि मग बोल्ट आवळतात. मिस्त्रींनी दांडा घातला, पण नजरेनं मध्य त्यांनी आधीच धरला होता. रिलीज बेअरिंगही नवं टाकलं, कारण पुन्हा तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे मजुरी डबल.

नव्या प्लेटच्या खोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असं छापलं होतं. कंपनीकडून येणाऱ्या क्लचमध्ये आता काचेचे धागे, तांब्या-पितळेची तार, राळ असं मिश्रण असतं. ब्रिटननं १९९९ साली पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली, युरोपीय संघानं २००५ पर्यंत, आणि अमेरिकेनं मार्च २०२४ मध्ये. भारतात सरसकट आयातबंदी अजून नाही. नव्या अस्तराची धूळ अ‍ॅस्बेस्टॉसइतकी घातक नाही, पण ती काही पिठीसाखर नव्हे. म्हणूनच ओलं फडकं.

पेडल गेलं, प्लेट राहिली

माझ्या ऑफिसातले निम्मे लोक आता ऑटोमॅटिक घेतात. हिंजवडीहून वाकडच्या पुलापर्यंत एका संध्याकाळी मी क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला लागलो, आणि शंभराच्या पुढे नाद सोडला. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला डाव्या गुडघ्यापासून पटतं. २०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओनं आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिकचं दार उघडलं. पण गंमत अशी, की त्या प्रकारच्या गाडीत गिअरबॉक्स तोच आणि क्लच प्लेटही तीच, कोरडी, झिजणारी. फक्त डाव्या पायाऐवजी एक छोटं यंत्र क्लच दाबतं आणि कधी दाबायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. नवी प्लेट टाकली की गाडीला स्कॅनर लावून तिची पकड कुठे सुरू होते ते त्या सॉफ्टवेअरला पुन्हा शिकवावं लागतं. माझ्या धंद्यातल्या कुणीतरी तो कोड लिहिला असणार. त्याच्या समीकरणातही झीज असेल. धूळ नसेल.

इलेक्ट्रिक गाडीत मात्र क्लचच नसतो. तिची मोटर शून्य वेगापासून जोर लावू शकते, त्यामुळे मध्ये कुणाला घसरावं लागत नाही. हेही नवं नाही. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा आपल्या नवऱ्याच्या मॉडेल टीऐवजी डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. शंभर वर्षं वळसा घालून आपण तिच्या गाडीपाशी परत येतोय.

पण आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्या उद्या सकाळी नाहीशा होणार नाहीत. त्या नव्या मालकाकडून जुन्या बाजारात, तिथून तालुक्याच्या गावी, तिथून वडापला जातील. जसजशा खाली जातील तसतसं त्यांचं गॅरेज लहान होत जाईल आणि क्लच प्लेट स्वस्तातली येईल. पुढची वीस वर्षं तरी कुणीतरी गाडीखाली झोपून ते कवच उघडत राहणार आहे.

माझ्या बिलावर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअर ऑइल आणि मजुरी अशा पाच ओळी होत्या. मी पैसे दिले, नव्या क्लचवर गाडी लोण्यासारखी निघाली. तुमच्या गाडीचा क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा ओरिजिनल की लोकल हे विचाराच. पण गिअरबॉक्स खाली आल्यावर जो मुलगा हवेचा पाइप उचलेल, त्याला आधी फडकं ओलं करायला सांगा. त्यात दहा मिनिटं जास्त जातात, बिल वाढत नाही.